तोफा अकराच होत्या

४ ऑक्टोबर २००४, सोमवार

ओदिलही येणार! ग्रामसमितीने हा निर्णय माझ्या पाठीमागे घेतला. सरपंचांनी तो मला कॅफेत, चारचौघांसमोर, बिअरचा पेला पुढे करून सांगितला — म्हणजे मला रागावता येऊ नये. मी पेल्यास स्पर्श केला नाही.

प्रश्न साधा आहे. चौकातील युद्धस्मारकाच्या दगडावर सर्वांत खाली एका नावाची जागा कोरी आहे. दुसऱ्या महायुद्धात, आमचा देश जर्मनांच्या ताब्यात असताना, इंग्रजांनी विमानांतून, टोपल्यांत घालून, कबुतरे टाकली होती. ज्यास टोपली सापडेल त्याने जर्मनांची माहिती सोबतच्या कागदावर लिहून पक्षी परत सोडायचा. आमच्या स्टेनकापेल गावातून असे एक कबुतर गेले, हे सर्वांस मान्य आहे. ते कोणी सोडले, हे मान्य नाही. माझे वडील रेमी यांनी सोडले. ओदिल बार्ट म्हणतो, त्याच्या वडिलांनी, कामीलने. शिवाय त्याचे म्हणणे असे, की माझ्या वडिलांच्या हाती लागलेले कबुतर कांद्याबरोबर शिजले. त्या वाक्यानंतर आम्ही परस्परांशी बोललेलो नाही. तेव्हा आम्ही दोघेही अर्ध्या विजारीत होतो.

आता लंडनच्या सरकारी दप्तरखान्याने ते गुप्त संदेश लोकांस खुले केले आहेत. कागद शोधावा, अक्षर ओळखावे, नाव कोरावे — असा ठराव झाला. एकट्यावर विश्वास नको, म्हणून दोघांनी जावे. वडिलांचे अक्षर मी अंधारातही ओळखीन. ते नाव दगडावर पाहिल्यावाचून त्यांच्या शेजारी पुरले जाण्याचा मला अधिकार नाही, असे मी मानतो.

सामान भरताना स्वयंपाकघराच्या भिंतीवरील सुविचाराची चौकट पुसली. "नीट बोलावे, नीट लिहावे, दोनदा मोजावे." माझे सासरे, शेजारच्या झांडहोव्हचे आखील मास्तर, यांनी ती आमच्या लग्नात स्वहस्ते लिहून दिली. युद्धामुळे माझी शाळा चौथीत सुटली. त्यानंतरचे सर्व अक्षर मी या चौकटीवरून गिरवून कमावले. ही पाने नीटनेटकी दिसतात, याचे श्रेय मास्तरांचे.

६ ऑक्टोबर

बोटीवर वारा होता. आमच्याबरोबर गोदलीव आहे. ती गावच्या शाळेत इंग्रजी शिकवते, दोघांनाही काका म्हणते, आणि आमचे परस्परांशी असलेले सर्व बोलणे तिच्यामार्फत चालते.

"गोदलीव, त्याला विचार, टोपी उडाली तर मागून उडी घेणार का."

"ओदिलकाका, तुमच्या दोघांत हातभर अंतर आहे. तुम्हीच विचारा."

"त्याला सांग," मी म्हणालो, "माझी टोपी उडत नाही."

"ते ऐकू आलं मला. आता त्याला विचार, वीटभट्टीमागे जर्मनांच्या तोफा किती होत्या."

"अकरा," मी समुद्राकडे पाहून सांगितले.

"नऊ," ओदिलनेही समुद्राकडेच पाहून सांगितले.

"माझ्या वर्गात असता ना दोघं, तर बाकावर उभं केलं असतं," असे म्हणून गोदलीव कॉफी आणावयास गेली. ती जाताच बोलणे थांबले.

७ ऑक्टोबर

दप्तरखाना मोठा आहे, आणि बाहेर तळ्यात हंस आहेत. आत शिरताना माझे शाईचे पेन काढून घेण्यात आले. चाळीस वर्षे ज्या पेनाने कोणाचे वाकडे केले नाही ते येथे हत्यार समजले जाते! केवळ पेन्सिल चालते. ओदिल सुतार, त्याच्या कानामागे पेन्सिल जन्मापासून आहे.

"त्याला सांग," तो म्हणाला, "काही माणसं तयारीनं येतात."

कागद ठेवण्यास मऊ उशी देतात. आमच्याकडे बाळंतिणीस इतकी मऊ उशी मिळत नाही. पान उलटताना बोट ओले करू नये, अशी मला सूचना झाली. मी बोट ओले केलेले नव्हते. ओदिलने केले होते.

८ ऑक्टोबर

काही नाही. न्याहारीस गोड रश्श्यातील घेवडा दिला. मी नाकारला. ओदिलने माझाही खाल्ला.

९ ऑक्टोबर

आज पुष्कळ संदेश पाहिले, पण सर्व परक्या गावांचे. एका फ्रेंच शेतकऱ्याने शत्रूबद्दल एक ओळ लिहिली आहे आणि सासूबद्दल अर्धे पान. एक बाई विचारते, लंडनमध्ये शिवणाच्या सुया मिळतात काय. मिळत असल्यास पुढच्या कबुतराबरोबर धाडाव्यात. एकाने केवळ हवामान कळवले आहे, आणि तेही कालचे. या सर्वांवर 'अत्यंत गुप्त' असा शिक्का मारून सरकारने ते आमचे केस पांढरे होईपर्यंत कुलपात ठेवले. शत्रूस त्या सासूची बातमी कळली असती, तर युद्धाचे काय झाले असते!

ओदिल प्रत्येक पेटी उघडताना गोदलीवला विचारतो, "कांद्याचा वास येतोय का गं?"

ती कालपर्यंत हसत असे. आज तिने त्यास सांगितले, "काका, पुरे."

१० ऑक्टोबर, रविवार

दप्तरखाना बंद. प्रार्थनेस गेलो. इंग्रजी कळली नाही, परंतु केव्हा उठावे हे कळते.

माझी पत्नी आलिदा हिची आठवण आली. ती जाऊन सहा वर्षे झाली. कबुतराची हकीकत मी पाहुण्यांस सांगू लागलो की ती उठून आत जात असे. मला त्याचे वाईट वाटे. कदाचित विमानांचा उल्लेख तिला सोसत नसावा. झांडहोव्हवर इंग्रजांचे बॉम्ब पडले त्यात तिची आई आणि दोन भाऊ गेले. मास्तर आणि दोन्ही मुली बटाटे आणण्यास गावाबाहेर होत्या, म्हणून वाचल्या. मास्तर पुढे वीस वर्षे जगले. फार थोडे बोलत. मी तो त्यांच्या शिस्तीचा भाग समजे.

आता एक मेहुणीच उरली आहे, इर्मा. झांडहोव्हच्या शाळेस तिच्या वडिलांचे नाव आहे. ती दर अकरा नोव्हेंबरला, स्मृतिदिनी, आमच्या स्मारकाशी येते आणि नंतर माझ्याकडे सूप घेते. निघताना मी तिला वचन दिले, की या वर्षी ती जागा भरलेली दिसेल.

११ ऑक्टोबर

सापडला!

गोदलीवने फाइल उघडली आणि वाचण्यापूर्वीच मी ओळखले. वडिलांच्या ओळी चढणीस लागलेल्या घोडागाडीसारख्या वर वर जात. मी उभा राहिलो आणि टोपी काढली. तेवढ्यात ओदिलनेही टोपी काढली. तेव्हा मला शंका आली.

एका कागदावर दोन हातांची अक्षरे आहेत. मी तो पेन्सिलीने जसाच्या तसा उतरवून घेतला. पहिली ओळ माझ्या वडिलांची, दुसरी कामीलची, आणि तसेच पुढे आळीपाळीने:

"वीटभट्टीमागे तोफा अकरा. तोंडे समुद्राकडे."

"अकरा नव्हेत, नऊ. दोन गाड्या आहेत. ह्याला लांबचे दिसत नाही."

"अकरा. टोपली माझ्या शेतात पडली, म्हणून मी लिहितो."

"टोपली बांधावर पडली. बांध माझा."

"बांध सामाईक. तोफा अकरा."

येथे कागद संपत आला आहे. शेवटची ओळ अर्धी एकाची, अर्धी दुसऱ्याची, आणि तीत मात्र मतभेद नाही: "कबुतर सुमार आहे, छाती अरुंद. युद्धानंतर आमच्याकडची जात न्यावी."

खाली इंग्रज अधिकाऱ्याचा शेरा. तो वाचताना गोदलीवला इतके हसू आले की देखरेखीची बाई धावत आली. तिला समजावून सांगितले, तर तीही तोंडावर हात धरून उभी राहिली. शेरा असा: "लेखकांत एकमत नाही. अहवाल निरुपयोगी. झांडहोव्हचा अहवाल पाहावा."

जेवताना नावांच्या क्रमाचा प्रश्न निघाला.

"त्याला सांग, बार्ट हे नाव कुठल्याही यादीत आधी येतं."

"त्याला सांग, प्रथम कोणी लिहिले हे कागदावर दिसते."

"प्रथम चुकीचं लिहिलं."

"काका," गोदलीव म्हणाली, "दगडावर एका ओळीची जागा आहे. तुम्हाला तर खाणच लागेल. आणि तो निरुपयोगी शब्द, तो कोरायचा का?"

"शेरा कोरण्याची आवश्यकता नाही," मी म्हणालो.

"नाही," ओदिल म्हणाला. साठ वर्षांतील आमचे हे पहिले एकमत. मग वाटाण्याचे सूप संपवले.

१२ ऑक्टोबर

आग्रह माझा होता. शेऱ्यात झांडहोव्हच्या अहवालाचा उल्लेख आहे. समितीपुढे पुरावा ठेवायचा तर तो पूर्ण हवा. गोदलीवने ती फाइल मागवली.

पाहताक्षणी मला वाटले, हे अक्षर माझे आहे.

मुद्दे क्रमवार. समास सोडलेला. शेजारी नकाशा — चर्च, शाळा, मोठा रस्ता, शाळेमागच्या झाडांखालच्या तोफा, प्रत्येकीचे अंतर पावलांत. खाली एक ओळ: "सर्व आकडे दोनदा मोजले आहेत." नाव नाही. नावाची गरज नव्हती. त्या अक्षराखाली मी चाळीस वर्षे कॉफी प्यालो आहे.

इंग्रजाचा शेरा: "उत्कृष्ट. नकाशा अचूक. कार्यवाही पूर्ण." आणि खाली तारीख. ती तारीख मला पाठ आहे. ती झांडहोव्हच्या दगडावर आहे, आणि तिच्याखाली आलिदाच्या आईचे व भावांची नावे.

नकाशा अचूक होता. बॉम्ब नव्हते.

आमचे घर वीटभट्टीस लागून होते, ओदिलचे बांधापलीकडे. तोफा तेथेही होत्या. इंग्रजांनी दोन कागद शेजारी ठेवले आणि चांगला निवडला. आमचे गाव वाचले, कारण दोघांपैकी एकास मोजता येत नव्हते. कोणास, हे आज लिहीत नाही.

आलिदा उठून आत जात असे. तिला ठाऊक होते. असलेच पाहिजे. बटाट्यांच्या वाटेवरून परतताना तिने वडिलांचा चेहरा पाहिला असेल. आणि मी पाहुण्यांस दरवेळी सांगत असे — कबुतर पोचले असते, इंग्रजांनी ऐकले असते, तर काय झाले असते पाहा!

ओदिलने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. त्याने ते अक्षर ओळखले. मास्तरांनी त्यालाही एक वर्ष शिकवले होते.

गोदलीवने विचारले, "काका, दोन्हींच्या प्रती काढू ना?"

"नको," ओदिल म्हणाला.

"नको," मी म्हणालो.

"एकाची तरी? तुमच्या वडिलांच्या?"

आमचा कागद गावात नेला तर शेरा येतो. शेरा आला की कोणीतरी झांडहोव्हचा कागद मागवणार. मी समितीत असतो तर मीच मागवला असता.

गोदलीवने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि मग त्या नकाशाकडे. तिने फाइलची दोरी बांधली. पेन्सिलीने उतरवलेला माझा कागद मी दाराशी कचऱ्याच्या पेटीत टाकला. पेन परत मिळाले.

१३ ऑक्टोबर

बोट. वारा नव्हता. ओदिल कठड्याशी आला. गोदलीव आत झोपली होती.

"फिरमिन."

मी मागे वळून पाहिले. मला वाटले, दुसऱ्या कोणास हाक मारतो आहे.

"इर्मा अजून आहे ना रे?"

"आहे."

"शाळेला मास्तरांचंच नाव आहे?"

"गेल्या वर्षी पाटी नवी केली. तिनेच फुले वाहिली."

त्याने मान हलवली.

"तुझ्या बापानं कबुतर शिजवलं नव्हतं," तो म्हणाला. "एवढं मी कबूल करतो."

"आणि तोफा?"

"तोफा नऊच."

११ नोव्हेंबर

समितीस कळवले होते: काही सापडले नाही. ओदिलने तेच कळवले. आम्ही दोघे एकच गोष्ट सांगतो आहोत म्हटल्यावर सरपंचांना ती ताबडतोब खरी वाटली.

आज इर्मा आली. पुष्पचक्र ठेवून झाल्यावर तिने कोऱ्या जागेकडे बोट केले. "कमाल आहे तुमच्या गावाची. इतक्या वर्षांत एक नाव सापडेना! ती टोपली आमच्या बाबांच्या हाती पडली असती ना, तर कसं एका कागदात, नीट, स्वच्छ लिहून धाडलं असतं."

"खरंय, बाई," ओदिल म्हणाला.

"खरे आहे," मी म्हणालो.