बेलदऱ्याचा चार वाजताचा भोंगा

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

पाट्या आल्या! वणी, कळंब, राळेगाव, बेलदरा – तळावरच्या चार तंबूंना चार गावांची नावं, म्हणून चार पाट्या. वर गावाचं नाव रंगवलंय, खाली जागा कोरी. त्या जागेत त्या त्या गावाचा इतिहास दहा ओळींत बसवायचा, हे माझं काम. तळाची मालकीण अतिया म्हणाली, "मधुकाकू, लोक नागपूरहून येतात, तंबूत झोपतात, तलाव पाहतात न् जातात. गाव कोणतं हे पण माहीत नसते त्यांना. तुम्ही सांगा."

तीस वर्षं बेलदऱ्याच्या वाचनालयात पुस्तकं देत-घेत बसले. तिथे सगळ्यांना गप्प बसवायचं, हेच काम होतं. इथे अतियाच्या तळावर मला बोलायला लावतात. शेकोटीभोवती पाहुणे बसतात आणि मी बोलते. वर चहा!

४ जानेवारी, रविवार

वणी झालं – कोळसा, कापूस, चंद्रपूरकडे जाणारे ट्रक. कळंबही झालं. चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, हे ऐकून पुण्याचे एक गृहस्थ तिथल्या तिथे उठले, "आत्ता उघडं असेल का?" राळेगाव जरा अवघड गेलं, पण जमलं.

बेलदऱ्याचं काय? "इथे काय घडलं?" असं एका मुलीने विचारलं आणि मी खोकल्याचं निमित्त केलं. बासष्ट वर्षं ह्या गावात काढून मला सांगता येईना! इथे कोणी राजा उतरला नाही, लढाई झाली नाही, जाता जाता एखाद्या साधूने डुलकीसुद्धा काढली नाही. एक कापसाचं जिनिंग होतं, तेही बंद पडून तीस वर्षं झाली.

त्याच मुलीचा वाढदिवस होता. केक कापला. कोणीतरी अतियाला तिची तारीख विचारली. "एक जून. आमच्या अख्ख्या वर्गाची एक जूनच, मास्तरांनी टाकलेली!" आणि खरी? "खरी कोणाला माहीत? दवाखान्यात जाता जाता मारोतीकाकांच्या ट्रकात जन्मले, कापसाच्या ढिगावर. थंडी होती, एवढंच अम्मीला आठवायचं." सगळे हसले. तीही हसली. पण केकचा तुकडा मात्र बराच वेळ हातात धरून होती.

६ जानेवारी

बेलदरा अजून कोरंच.

८ जानेवारी, गुरुवार

सापडलं!!

वाचनालयात गेले. माझ्या जागी आता निकिता आहे, गुणी पोर. तिने जुनं कपाट उघडून दिलं. माझ्या आधीच्या ग्रंथपालांची दैनंदिन नोंदवही – कसर लागलेली, पण अक्षर ठसठशीत. "१९ जानेवारी १९८३, बुधवार. आज वाचनालय एक तास आधी उघडले व एक तास आधी बंद झाले. कारण – भोंगा."

काय दिवस होता तो! मी विसरले नव्हते, पण त्याला इतिहास म्हणता येईल हे कधी सुचलंच नव्हतं. जिनाचा भोंगा रोज पहाटे पाचला व्हायचा आणि सारं गाव त्यावर उठायचं. त्या दिवशी तो चारलाच झाला. पण भोंगा चुकेल कसा? कोणाच्या डोक्यातही आलं नाही. कोर्टात नाझर असलेल्या माझ्या बाबांनी भिंतीवरचं घड्याळ "मागं पडलंय" म्हणून एक तास पुढे केलं. घराघरात तेच! अजून उजाडत का नाही, तर म्हणे ढग आले असतील. शाळा भरली, कचेरी उघडली. आणि एसटी आपल्या वेळेवर आली, तर अख्ख्या स्टँडने ड्रायव्हरला फैलावर घेतलं – "एक तास लेट काहून आणली?" तो बिचारा आपलं घड्याळ दाखवून दमला. दुपारी रेडिओच्या बातम्या लागेपर्यंत बेलदरा जगाच्या एक तास पुढे होतं.

भोंगा वाजवणारा फिटर – जब्बार. अतियाचे वडील! आता कळंबहून पाहुण्यांना जीपने आणतात, शेकोटी पेटवतात ते जब्बारभाऊ. तेव्हा अठ्ठावीसचे असतील.

त्या दिवसाचं माझंही एक आहे. मी सातच्या यवतमाळ गाडीने कॉलेजला जायची. हे साडेसहाच्या गाडीने वणीला, पोस्टात. मी स्टँडवर पोचायच्या आत यांची गाडी गेलेली असायची. त्या दिवशी मी सहालाच जाऊन उभी. शेजारी मफलर गुंडाळलेला एक मुलगा घड्याळाला चावी देत होता. अर्धा तास आम्ही एसटीला शिव्या घातल्या – आणि पुढची छत्तीस वर्षं संसार केला. हे काही मी कोणाला सांगणार नाही. ते माझं आणि यांचं. यांना जाऊन सात वर्षं होतील.

९ जानेवारी

बेलदऱ्याची पाटी खडूने लिहून काढली. "दि. १९ जानेवारी १९८३ रोजी जिनाचा भोंगा चुकून एक तास आधी वाजला आणि…" अशी सुरुवात. पेंटर एकोणीसला येतोय, तो रंगाने गिरवेल. तारीखही तीच! मजा आहे.

१० जानेवारी, शनिवार

आज शेकोटीजवळ भोंगा सांगितला. इतकी दाद मला जन्मात मिळाली नव्हती! एसटी ड्रायव्हरची नक्कलसुद्धा केली मी, या वयात. शेवटी म्हटलं, "आणि तो भोंगा वाजवणारा माणूस इथेच आहे – हे जब्बारभाऊ!" टाळ्याच टाळ्या. एका पोराने त्यांच्यासोबत फोटो मागितला. ते हातातलं लाकूड शेकोटीत सारून निघून गेले. लाजले.

११ जानेवारी

लाजले नव्हते.

१२ जानेवारी, सोमवार

आज सकाळी मीच गेले त्यांच्याकडे. जीपचं बोनेट उघडून उभे होते. वर पाहिलं नाही.

"बाई, तुमाले हासाले दुसरं कोणी नाही भेटलं?"

मी म्हटलं, अहो, कौतुकानेच सांगितलं –

"कौतुक? 'चारवाला जब्बार' म्हणत मले. लहान लहान पोट्टे रस्त्यानं 'चार वाजले का' म्हणून मांगं लागत. माही बायको रौशन पाण्याले गेली, तर तिलेबी. त्या नावापायी गाव सोडलं मी. तीस वर्षं वणीत खाणीच्या वर्कशॉपात काढले. लोकं विसरले, तवा आलो वापस. अन् तुमी त्याची पाटी लावून राह्यल्या!"

मग सावकाश म्हणाले, "तुमचं काय गेलं होतं त्या दिवशी? एक तास झोप?"

घरी आले. जेवण गेलं नाही. तारखा तपासते, नोंदी तपासते, मोठी इतिहास सांगणारी! माणूस समोर लाकडं सारत होता, त्याला एकदा विचारायचं सुचलं नाही. लाज वाटते.

१४ जानेवारी, संक्रांत

तळावर वाण, हळदीकुंकू, पाहुण्यांच्या बायकांना फार गंमत वाटली. तिळाच्या वड्या चांगल्या झाल्या – गूळ कळंबचा. जब्बारभाऊंना डबा पाठवला. डबा रिकामा परत आला, धुऊन. निरोप काही नाही. पण धुऊन आला!

पाटीवर पोतं टाकून ठेवलंय.

१६ जानेवारी

आज अतिया माझ्याजवळ येऊन बसली. "अब्बा म्हणून राह्यले, मी वणीलाच जाऊन राहतो. काकू, सहा वर्षं लागली मला त्यांना इथं आणायला. जीप काय, दुसरा कोणीही चालवेल. अब्बा कुठून आणू?" तिला भोंग्याचं काहीच माहीत नव्हतं. शनिवारी पहिल्यांदा ऐकलं, तेही माझ्या तोंडून, लोकांच्या टाळ्यांत. तिचे डोळे भरले. माझेही.

ते गेले तर माझ्यामुळे जातील. खडू पुसायला गेले आणि थांबले. नुसतं पुसून काय होणार आहे? त्यांनी विचारलं होतं, तुमचं काय गेलं. त्याचं उत्तर मी दिलेलंच नाही. त्यांची गोष्ट शेकोटीवर मांडली आणि स्वतःची घडी घालून ठेवली. हा लबाडपणाच झाला.

१८ जानेवारी, रविवार

सांगितलं!

तलावाच्या काठी एकटेच बसले होते. शेजारच्या दगडावर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं – साडेसहाची गाडी, सातची गाडी, मफलर, घड्याळाची चावी. "जब्बारभाऊ, माझं काही गेलं नाही त्या दिवशी. मला मिळालं. तुम्ही चारला भोंगा वाजवला नसता, तर यांची माझी गाठ पडली नसती. त्रेचाळीस वर्षांत तुम्हाला हे सांगायला हवं होतं. गावाने तुम्हाला नाव ठेवलं आणि मी त्यातलं सुख गुपचूप घरी नेलं."

मग हसायला लागले, आधी खांदेच हलले नुसते. "पोस्टातले अवधूतबाबू? त्यायची सायकल मी दुरुस्त केलती! चांगला माणूस होता."

होते खरेच.

मी म्हटलं, पाटी आज पुसून टाकते. त्यावर त्यांनी भलतंच विचारलं. "बाई, त्या वहीत तारीख लिहून आहे का? पक्की?" मला वाटलं, माझ्या पुराव्यावरच शंका! म्हटलं, एकोणीस जानेवारी त्र्याऐंशी, बुधवार. त्यांनी दोनदा वदवून घेतली. मग खिशातून बिडीच्या पाकिटाचा कागद काढून म्हणाले, "लिहून द्या." लिहून दिली. घडी घालून छातीच्या खिशात ठेवली.

"पाटी राहू द्या आजचा दिवस," एवढं म्हणाले आणि जीप घेऊन कळंबकडे गेले. आज पाहुणे तर कोणी यायचे नव्हते.

मन हलकं झालंय. यांची फार आठवण आली, पण छान आली.

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी तळावर केक! कालच कळंबहून आणून झाकून ठेवलेला. अतिया विचारतेय, "कोणाचा?" आणि जब्बारभाऊ माझ्या अक्षरातला तो कागद तिच्या हातात देऊन म्हणाले, "तुहा. एक जून नाही, हे घे खरी तारीख. बाईनं शोधली."

मग आम्हां दोघींना सांगितलं. "भोंगा चुकला नव्हता. हिच्या वक्ताले रौशनले कळा सुरू झालत्या, दाईनं हात टेकले. गाडी म्हणजे मारोतीचा ट्रक तेवढा, अन् तो गावात कुठं निजला, कोणाले ठाव! भोंग्याबिगर उठत नव्हता तो. मंग ओढली साखळी. धावतच आला जिनात. मालकाले खरं सांगतलं असतं तर कायमचं घरी बसवलं असतं. चूक म्हटली, आठ दिवसांच्या पगारावर भागलं." अतियाने विचारलं, मला का नाही सांगितलं कधी? "तुह्यापायी नाव पडलं असं तुले वाटलं असतं, बेटा."

त्रेचाळिसावा वाढदिवस, आणि पहिला. केक तिने कापला, पण डोळ्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून सुरी आम्ही तिघांनी धरली.

तेवढ्यात पेंटर आला. पोतं काढून उभा राहिला. मी जब्बारभाऊंकडे पाहिलं.

"रंगवू द्या," ते म्हणाले. "फक्त 'चुकून' तेवढं खोडा."