काढलेलं इंजिन

अहो,

मी बसने हिंगण्याच्या दवाखान्यात चालले आहे. गाडीत पुन्हा इंजिन बसेपर्यंत तिथल्याच क्वार्टरमध्ये राहीन.

काल कवडू बायकोच्या, देवकीच्या, बाळंतपणासाठी मला न्यायला आला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "जा बिनधास्त, बॅटऱ्या रात्रभर चार्ज केल्यात." रात्री तीन तास वीज नव्हती, हे मात्र सांगितलं नाहीत. हिंगण्याच्या पुढे चढावर गाडी बंद पडली. तिथून आम्ही पाऊण तास उन्हात चालत गेलो. बाळ आडवं होतं. देवकी वाचली, बाळ गेलं. कवडू रडला नाही. एवढंच म्हणाला, "बाई, तुमाले माह्या सायकलवर डबलसीट आणलं असतं, तं टायमावर पोचलो असतो."

पेट्रोल महागलंय, हे मलाही कळतं. तुम्हाला घर ते कॉलेज एवढंच जायचं असतं, त्याला बॅटरी पुरते. मला कुठून बोलावणं येईल, याचा नेम नसतो. म्हणून दिवाळीतच म्हटलं होतं, बॅटऱ्या बसवा, पण इंजिन काढू नका. गावात विजेवर चालवू, बाहेर पेट्रोलवर. मिस्त्रीसमोर तुम्ही हसलात.

काल संध्याकाळी तुमचे प्राध्यापक मित्र आले होते. मी आत हात धूत होते. तुम्ही त्यांना सांगत होता, "एका चार्जिंगमध्ये साठ किलोमीटर, आजवर एकदाही दगा नाही."

हेच देवकीसमोर उभं राहून सांगा. तिला हिंगण्याच्या दवाखान्यातच ठेवलंय, बायकांच्या वॉर्डात, खिडकीजवळची खाट.

चारुशीला