सांता क्रूसच्या संध्याकाळचा माहितीपट

आदरणीय इलारिओमामा,

तुमच्या भाचीचा, एरेंदिराचा, लवून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींच्या पोपटानं शिव्या देणं थांबवलं का? (थांबवलं नसेल तर त्याला मारू नका, तो घरात ऐकतो तेच बोलतो.) इकडे आई ठीक आहे. मी ठीक नाही. काल संध्याकाळपासून असे धक्क्यावर धक्के बसलेत, की आज सकाळी कॉफीत साखरेऐवजी मीठ घातलं आणि कप संपेपर्यंत मला पत्ता नाही.

आमच्या कॉलेजमागचा झरा तुम्ही पाहिलाय. आमच्या प्राचार्यांनी त्यावर काँक्रीट ओतून मोटारी उभ्या करायला जागा करायची ठरवलंय. (कॉलेजात मोटारी कुणाच्या? प्राचार्यांची एक, आणि एक बंद पडलेली, तीही त्यांचीच.) मामा, त्या पाण्याशिवाय आमची रोपवाटिका जळेल, खालच्या वस्तीतल्या बायका हंडे घेऊन कुठं जातील देव जाणे. म्हणून आमच्या हरित समितीनं बेत केला की सांता क्रूसच्या सणादिवशी वाचनालयाच्या भिंतीवर चादर ताणून एका मेलेल्या नदीचा माहितीपट दाखवायचा आणि प्राचार्यांकडून चारचौघांत शब्द घ्यायचा. त्या दिवशी पाद्रे तेओदुलो झऱ्यावर फुलांचा क्रूस बसवायला येतातच, शिवाय गवंड्यांचा सण, त्यामुळे गावातले सगळे गवंडी न्हाऊनधुऊन, कोरे सदरे घालून मोकळेच असतात. गर्दीची काळजी नव्हती.

काळजी होती पाद्रीनोंची. आपल्याकडे केकलासुद्धा पाद्रीनो, म्हणजे खर्च उचलणारा मानलेला बाप लागतो, खुर्च्यांना लागतो, बँडला लागतो. मग माहितीपट बिनबापाचा कसा राहील? आम्ही घरोघर जाऊन हात जोडले. आणि एकदा पाद्रीनो मानला की तो जे आणील ते डोक्याला लावून घ्यायचं, नको म्हणायची सोय नाही. हे आम्हाला आधी सुचलं नाही याचा मला अजून धक्का बसलेला आहे.

ताटांची पाद्रीना झाली कँटीनवाली दोन्या रेफुहिओ. समितीची शपथ होती, कचरा शून्य. बाईंनी थर्माकोलच्या ताटल्यांचे ढीग आणले आणि वर म्हणाल्या, "पोरी, तुमच्या निसर्गासाठी म्हणून मुद्दाम हिरव्या रंगाच्या शोधून आणल्या गं!" मी त्यांना मिठी मारली. दुसरं काय करणार? विजेचा पाद्रीनो झाला औषधवाला डॉन क्रिस्पिन. त्यानं आणलेला जनरेटर धुराचे असे लोट सोडत होता, की पडद्यावरच्या कारखान्याचा धूर कुठला आणि आपला कुठला, खोकणाऱ्यांना कळेना. स्वागताचा पाद्रीनो कोण होता ते मी सांगत नाही, पण त्यानं अग्निबाण आणले. झऱ्यावरचे बगळे जे उडाले ते अजून परतले नाहीत. मला भर मैदानात रडू फुटलं.

तरी मामा, माहितीपट लोकांच्या काळजाला भिडला. बायका डोळे पुसत होत्या. संपल्यावर प्राचार्य उठले आणि म्हणाले, "या मुलांनी आज माझे डोळे उघडले!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मनातल्या मनात मेणबत्ती लावली. मग ते म्हणाले, "बघितलंत ना, उघड्या पाण्यात माणसं केवढी घाण करतात! आपला झरा तसा नासायच्या आत झाकलेलाच बरा. आणि हे पुण्यकर्म घेतलंय कुणी? आपल्याच मातीतल्या कंत्राटदारानं, डॉन इलारिओनं!"

मामा, मी होते तिथंच मटकन खाली बसले. (तिथं डाळिंबाच्या सरबताचं पातेलं होतं.) माझा सख्खा मामा! आईनं तर दोन्या रेफुहिओच्या पदराआड तोंड लपवलं. मला तुमचा राग आला, खूप आला, आणि तो अजून आहे, तरी मोठ्यांना उलटून बोलू नये म्हणून इथंच थांबते. मामींना गोड पापा.

तुमची भाची,
एरेंदिरा

ता. क. एक सांगायचं राहिलं. नंतर सगळे झऱ्यावर गेलो. पाद्रेंनी क्रूस उचलून विचारलं, "यंदा झऱ्याचा पाद्रीनो कोण?" कुणी पुढं येईना. माझ्या तोंडून तुमचं नाव निघून गेलं. पाद्रेंनी लगेच पाणी शिंपडलं, बँड वाजला, सगळं गाव "डॉन इलारिओ की जय" म्हणालं. प्राचार्य काही तरी ओरडत होते, पण ट्रंपेटपुढं ऐकू आलं नाही.

आणखी एक ता. क. तुमचे मिस्तरी क्रेसेन्सिओ तिथंच होते. त्यांनी टोपी काढली आणि आपल्या गवंड्यांकडे वळून म्हणाले, "मालकाचं लेकरू आहे हे आता. याच्या तोंडावर काँक्रीट ओतायला मला कुणी सांगू नका रे. पाप लागेल." बाकीच्यांनीही टोप्या काढल्या. तेव्हा कामगार तुम्हाला बाहेरून आणावे लागतील, आणि मग गावाला तोंड कसं दाखवायचं ते तुम्ही बघा.

शेवटचा ता. क. रागावू नका हो मामा. रविवारी या, लेकराचं तोंड बघा. तुमच्यावरच गेलंय अगदी, जन्मल्यापासून क्षणभर गप्प बसलेलं नाही.