रांगेतले दान

ता. ४ ऑगस्ट

चि. सरकारास अ. उ. आ.

येथील सर्व क्षेम आहे, असे लिहिण्याचा प्रघात. तुझ्या वहिनीची प्रकृती वगळता क्षेम आहे, असे लिहिणे अधिक खरे. लहानपणी तू घरभर हुकूम सोडत असस, म्हणून तिने तुझे नाव सरकार ठेवले. पुढे तू आरोग्यखात्यात जाऊन खरोखरीचा सरकार झालास, आणि आता तिला तुझ्याच मोफत उपचारांच्या योजनेच्या दाराशी उभे राहायचे आहे. तिला याची मौज वाटते.

तपासणीचा निष्कर्ष आला. हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. शस्त्रक्रियेवाचून इलाज नाही. ती चार पायऱ्या चढते, कठडा धरून थांबते आणि भिंतीवरचा रंग कसा उडाला आहे ते मला दाखवते. मीही रंगाकडेच पाहतो. येथील खासगी रुग्णालयाने हृदयविभाग बंद केला, कारण तेथील शल्यविशारद तुझ्या योजनेत गेले. तेव्हा पेढीवाल्याला आणि पाटीवाल्याला आता दार एकच. सप्टेंबरात तिचा नंबर आहे. मी जरा कुरकुर केली, तर ती म्हणाली की दिराने बांधलेले घर आहे, गळते की नाही ते आत राहिल्याशिवाय कसे कळणार.

गेल्या आठवड्यात ग्रंथालयाच्या सभागृहात तुझ्या योजनेवर चर्चा झाली. आपले जुने डॉक्टर विरोधात बोलले. जे सर्वांचे ते कोणाचेच नसते, आणि फुकटच्या औषधाने रोगी बरा होतो पण वैद्य आजारी पडतो, असे त्यांचे म्हणणे. शाळेतील परिचारिका उठली आणि म्हणाली की ताप आल्यावर कपाळाआधी ज्याला खिसा चाचपावा लागतो, त्याने डॉक्टरसाहेबांचे सुभाषित कोठे बांधून ठेवायचे. लोक हसले. मग मीही बोललो. शुश्रूषा हा देणाऱ्याचा धर्म आहे. दान स्वेच्छेने दिले तरच ते दान. कर लावून वसूल केलेल्या करुणेचे पुण्य कोणाच्या पदरी पडणार, हा माझा प्रश्न होता. ती बाई म्हणाली की पुण्य कोणाच्याही पदरी पडो, रोग्याच्या पदरी औषध पडले म्हणजे झाले. मला उत्तर सुचले ते घराच्या दारात. तुझी वहिनी म्हणाली की आता ते जिन्याला सांगा.

उत्तर सवडीने दे, पण दे. मतभेद राहू दे. मायेत मात्र कपात नको.

तुझा,
दादा

ता. १७ ऑगस्ट

ती. दादांना शि. सा. न. वि. वि.

तुमचा पुण्याचा प्रश्न मी समितीपुढे ठेवला नाही. तिथे अजून खाटांचा सुटलेला नाही. वहिनींना सांगा की घर गळतं आहे, पण ज्याच्या डोक्यावर आजवर छप्परच नव्हतं तो त्याबद्दल तक्रार करत नाही.

डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा आणि एक गोष्टही सांगा. पहिल्या वर्षी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर दलाल उभे राहत. गरिबाला गाठून त्याचा नंबर विकत घेत आणि पैसेवाल्याला चढवत. एक हमाल नंबर विकून घरी गेला तो परत आलाच नाही. त्यानंतर मी नियम लिहिला, की नंबर एकाचा दुसऱ्याला जाणार नाही, आणि पुकारल्यावर जो आत जाणार नाही तो रांगेच्या शेवटी जाईल. तेव्हापासून दलाल दिसत नाहीत. माझ्या सगळ्या नोकरीत मी एवढं एकच वाक्य असं लिहिलं, की जे रोज कुणाला तरी उपयोगी पडतं.

वहिनींसाठी मी कुणाला शब्द टाकलेला नाही. टाकला असता तर तुम्हीच मला दारात उभं केलं नसतं.

शस्त्रक्रियेची खबर लगेच कळवा. तुमच्या रागाचाही मला आधार वाटतो, तेव्हा तोसुद्धा असू द्यावा.

आपला,
सरकार

ता. ९ सप्टेंबर

चि. भाऊजींस अ. उ. आ.

तुमचे दादा लिहितो लिहितो म्हणत चष्मा पुसत बसलेत, म्हणून मीच लिहायला घेतलं. शस्त्रक्रिया झाली नाही. घाबरू नका, आधी सगळं वाचा. तुम्हाला लहानपणापासून शेवटचं पान आधी वाचायची खोड आहे.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक बसचालक होता. पोरसवदाच म्हणायचा. ओठ जांभळे पडलेले, आणि त्याची बायको पायाशी बसून त्याचा सदरा घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. एक सर्जन आजारी पडल्यामुळे त्या दिवशी एकच शस्त्रक्रिया होणार असं कळलं. नंबर माझा होता, त्याचा माझ्यानंतर. मला पुकारलं तेव्हा मी नर्सबाईंना म्हटलं की आधी याला न्या, मी थांबते. तिनं मला दोनदा विचारलं की आजी, समजून बोलताय ना. मी हो म्हटलं. मग तुमच्या दादांनी तिला दानाचे प्रकार समजावून सांगितले. ती बिचारी थर्मामीटर हातात धरून उभी. मला वाटलं, आता नर्सबाईंनाच ताप चढणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पिशवी भरून तयार बसलो, की आता आपली हाक येईल. नर्सबाई म्हणाल्या की आजी, तुमचा नंबर शेवटी गेला, आता हिवाळा सरल्यावर. तुमच्या वडिलांच्या दवाखान्यात बाकावर कुणी कुणाला पुढे सोडलं, की कंपाउंडर त्याला लगेच पाठोपाठ आत घ्यायचा. उलट त्याला स्टूल द्यायचा. त्यामुळे शेवटी म्हणजे त्या मुलाच्या मागे, असंच आम्ही धरून चाललो. तुमचं पत्र दादांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. त्यात विकायची मनाई होती. आम्ही विकत कुठे होतो, भाऊजी?

चालक बरा आहे. मी निघताना तो बसून जेवत होता, आणि बायको त्याला सावकाश जेवा म्हणून ओरडत होती.

आता मुद्द्याचं. तुम्ही फोन उचलाल, मला ठाऊक आहे. उचलू नका. ज्याला मी जागा दिली त्याचं तोंड मी पाहिलं होतं. तुम्ही मला पुढे ढकललंत तर ज्याची जागा मी घेईन त्याचं तोंड मला कधीच दिसणार नाही. तो माणूस मग माझ्या उशाशी येऊन बसेल. त्यापेक्षा हिवाळा बरा. हे दादांना सांगू नका. ते यावर श्लोक काढतील.

मी तुम्हाला भरवलेलं आहे, तेव्हा ऐकण्याची सवय अजून असेल असं धरते. या म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
वहिनी

ता. ६ ऑक्टोबर

चि. सरकारास अ. उ. आ.

हे पत्र मी तिच्या नकळत लिहितो आहे.

ती आता बसून झोपते. बोलताना वाक्य अर्ध्यावर ठेवते, श्वास घेते आणि उरलेले उचलते. परवा फेरतपासणी झाली. तिला गंभीरांच्या रांगेत घातले आहे. तीही रांगच आहे, आणि तीत सगळे गंभीरच आहेत. तपासणारे डॉक्टर सभ्य होते. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पुरेसा वेळ दिला, आणि देण्यासारखे त्यांच्यापाशी एवढेच होते.

त्या दिवशी तिने नंबर सोडला तेव्हा मी धन्य झालो होतो. आज त्या धन्यतेला हात लावून पाहतो, तर तेथे काही लागत नाही. मी रोज पोथी उघडतो. ओळी दिसतात, अर्थही कळतो, आणि पान उलटले जाते. समोरच्या रस्त्यावरून वाहने जावीत तसे.

तू फोन कर. तुझे पद वापर. याला वशिला म्हणतात हे मला ठाऊक आहे. मी जन्मभर इतरांच्या बाबतीत तो शब्द उच्चारला आहे. तो आता माझ्यासाठी वापर आणि तिला वर घे. हाच नियम तू गरिबांसाठी लिहिलास हेही मला ठाऊक आहे. मला त्यावर वाद घालायचा नाही.

याहून अधिक लिहवत नाही. मोठ्या भावाची ही पहिली मागणी समज, आणि मायेला जागून वाग.

तुझा,
दादा

ता. १४ ऑक्टोबर

ती. दादांना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी रुग्णालयाच्या अधिकाऱ्याला फोन लावला. मी काही बोलण्याआधीच त्यानं विचारलं की नाव सांगा, साहेब. इतक्या सहज. त्यावरून मला कळलं की माझ्या आधी कुणीतरी नावं सांगितलेली आहेत. मी त्याच्या तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

वहिनींचं पत्र माझ्याकडे सप्टेंबरातच आलं होतं. मी त्यांना वर घेऊ नये, असं त्यांनी बजावलं आहे. आणि तुम्हाला सांगू नये असंही. दुसरी आज्ञा मी आता मोडतो आहे, पहिली मोडत नाही. त्यांनी लिहिलं नसतं तर मी काय केलं असतं, हे मला माहीत नाही. ते मला विचारू नका.

त्या फोनपासून, आजवर कुणाकुणाची नावं वर गेली ते मी शोधून काढतो आहे. खात्यातले लोक माझ्याशी जपून बोलू लागले आहेत. शिवाय दुसऱ्याला पुढे सोडणाऱ्याची जागा लगेच त्याच्या मागे राखावी, अशी दुरुस्ती मी समितीत मांडली. सगळ्यांनी मान डोलावली आणि ती पुढच्या बैठकीवर टाकली.

रजा मिळताच येतो. तुम्ही मला घरात घ्याल एवढी माया शिल्लक राहो.

आपला,
सरकार

ता. २१ नोव्हेंबर

चि. सरकारास अ. उ. आ.

तू आलास, सारे उरकेपर्यंत उभा राहिलास आणि गेलास. आपण बोललो नाही. तू जिन्यावर थांबला होतास हे मी पाहिले होते. बोलावे असे मला वाटले नाही, बोलू नये असेही वाटले नाही. म्हणून लिहितो.

मी ठीक आहे. जेवतो, फिरून येतो. शेजारची बाई विचारते की झोप लागते का. लागते. तेच मला चमत्कारिक वाटते.

तो बसचालक येऊन गेला. बायकोही होती. त्याला कोणीतरी सांगितले असावे. तो खुर्चीच्या कडेवर बसला. मी त्याला जिना चढताना दम लागतो का म्हणून विचारले. तो नाही म्हणाला, आणि मग नाही म्हटल्याबद्दल ओशाळला. मी म्हटले की बरे झाले. खरोखर बरेच झाले, पण तो शब्द माझ्या तोंडून लाकडासारखा निघाला. तो माणूस वाईट वाटून घेऊन गेला नसावा अशी आशा करतो.

त्यानंतर आपले जुने डॉक्टर आले. सभागृहात पुन्हा चर्चा ठेवली होती. त्यांचे म्हणणे असे, की माझ्यासारखा मनुष्य उभा राहून या रांगेने माझी पत्नी गेली एवढेच म्हणाला, तर योजनेविरुद्ध दुसरा युक्तिवाद नको. ते दुष्टपणाने बोलत नव्हते. तिच्या बाळंतपणात रात्रभर बसलेले ते डॉक्टर. बोलताना ते डोळे पुसत होते. माझे कोरडे होते.

मी गेलो आणि उभा राहिलो. ती रांग नसती तर माझी पत्नी आज असती, हे मी सांगितले. पूर्वीसारखी थैलीची रांग असती तर तो चालक नसता, हेही सांगितले. तिची जागा कोणी हिरावून घेतली नाही, तिने ती दिली. तेव्हा तिचे नाव कोणत्याही बाजूने कोणी वापरू नये, एवढी विनंती केली. आणि नंबर कोणाला वर-खाली करता येऊ नये हा नियम योग्य आहे, असे म्हणून खाली बसलो. परिचारिका माझ्या शेजारी येऊन बसली आणि सभा संपेपर्यंत तशीच बसून राहिली. डॉक्टरांनी मला घरापर्यंत सोडले.

सभेत जे सांगितले नाही ते तुला सांगतो. तुझे पत्र आले त्या दुपारी तिने ते माझ्या हातून घेऊन वाचले. मी चोरून मागणी केली, हे तिला कळले. मला वाटले, ती दुखावेल. तिने पत्र मांडीवर ठेवले आणि विचारले की तुम्ही मागितलेत, माझ्यासाठी. मी हो म्हटले. मग ती हसली. श्वास पुरत नव्हता तरी हसली. म्हणाली की इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यासाठी देवाकडेसुद्धा कधी काही मागितले नाहीत, नेहमी विश्वाचे कल्याण मागत आलात. ती कमालीची खूश होती. तुला नको म्हणून सांगणारी तीच, आणि मी मागितले म्हणून खूश होणारीही तीच. संध्याकाळी तिने शेजारणीला बोलावून ते सांगितले, वाक्य अर्ध्यावर ठेवत, उचलत. एवढ्या आनंदावर ती हिवाळा काढील असे मला वाटले होते.

शास्त्रात दोन वचने परस्परविरुद्ध आली, तर एक बलवान ठरवावे आणि दुसऱ्याचा बाध करावा, म्हणजे ते रद्द धरावे, असे मला गुरूंनी शिकवले, आणि मीही कित्येकांना शिकवले. तू नियम मोडला नाहीस हे योग्य केलेस. तू तो मोडला असतास, तर मी तुला जन्मभर आशीर्वाद दिले असते. रोज सकाळी ही दोन वाक्ये समोर ठेवून बसतो. एकही मागे हटत नाही.

सुट्टी मिळाली की ये. या खेपेस जिन्यावर थांबू नकोस, वर ये. मी फारसा बोलणार नाही. माया आहे असे मी समजून चालतो. तूही तसेच समजून चाल.

तुझा,
दादा