जांगिरीचे मीठ

मंगळ., २ जुलै

मिनूचा रक्तदाब (यापुढे र.दा.) सकाळी बरा. पायांवरची सूज तशीच. अंगठ्याने दाबले की खळगा पडतो आणि सावकाश भरतो. डॉक्टरीणबाईंचे सर्व आदेश पाळणे चालू: डाव्या कुशीवर निजणे, लोणचे-पापड-अप्पळम बंद, जिना बंद, टेन्शन बंद. शेवटचे कसे बंद करायचे ते विचारायचे राहिले.

दुपारी जांगिरी टाकीच्या तळाशी बसून. खाणे टाकले तरी वर आली नाही. मिनू कॉलेजात असताना कोळत्तूरच्या बाजारातून प्लॅस्टिकच्या पिशवीत आणलेली ही गोल्डफिश. तेव्हापासून डबा वाजला आणि ती वर आली नाही असे झालेले नाही. पोट जरा फुगलेले. अपचन असावे. एक दिवस उपास घडवावा.

मिनूचा दिवाण टाकीसमोरच. "आई, ती हलत का नाहीये?"

"एकादशी आहे तिची."

"जांगिरीला एकादशी! अक्कात्त्याला सांगते, खूश होईल."

अक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या भगिनी, खालच्या फ्लॅटमध्ये राहतात. मासा घरी आला त्या दिवशी त्यांनी विचारले होते, "मासोळीस मिठाईचं नाव कोण ठेवतं? भूक लागली तर काय करणार?"

गुरु., ४ जुलै

सकाळचे ऊन टाकीत वरून पडते त्या वेळी स्टुलावर चढून पाहिले. पोटावरचे खवले उभे राहिले आहेत. प्रत्येक वेगळा दिसतो, पिकायला आलेल्या सीताफळाच्या डोळ्यासारखा. अपचन नव्हे. जलोदर.

कारणमीमांसा नीट लिहून काढते. लिहिले की भीती कमी होते असा अनुभव आहे.

गोड्या पाण्यातल्या माशाचे रक्त भोवतालच्या पाण्याहून खारट. म्हणून पाणी कल्ल्यांतून अखंड आत झिरपत राहते. नववीच्या वर्गात मी वाटीभर पाण्यात मनुका टाकून हेच दाखवीत असे; तास संपता संपता मनुका टम्म झाल्या की मागच्या बाकांवरूनसुद्धा "मिस, मिस, फुगली!" असा गलका. मग मासा का फुगत नाही? कारण त्याची मूत्रपिंडे ते पाणी रात्रंदिवस बाहेर उपसत असतात. एवढासा जीव, आणि जन्मभर चाललेली मोट! किती सुंदर योजना आहे ही. मूत्रपिंडे थकली की उपसा मंदावतो, पाणी आत साठते, खवल्यांना खालून रेटा बसतो, आणि

इथे थांबले. मागच्या तपासणीत डॉक्टरीणबाई मिनूच्या पावलाला बोट लावून जे बोलल्या त्यातही मूत्रपिंडे होती.

भीती कमी झाली नाही.

शुक्र., ५ जुलै

तपासणी. मिनूच्या लघवीत प्रथिन किंचित. "किंचितच आहे, पण मागच्या खेपेला नव्हतं," असे डॉक्टरीणबाई. र.दा. वरच्या काठावर. डोके दुखले, डोळ्यांपुढे काही चमकले, तर फोन करीत बसू नका, थेट घेऊन या. आठवा महिना. हे शब्द अक्का मुद्दाम हळू आवाजात उच्चारतात. सातव्यातले मूल जगते, आठव्यातले... अशी त्यांची समजूत. ती शास्त्रीयदृष्ट्या चुकीची आहे. आठव्यातले मूल सातव्यातल्याहून अधिक तयार असते. हे मी अक्कांना दोनदा समजावले, स्वतःला बरेचदा.

मिनूला घरी सोडून ह्यांच्याबरोबर मांबलम स्टेशनजवळच्या माशांच्या दुकानात. दुकानदाराने मोबाइलवरचा फोटो पाहिला आणि मान हलवली. "ड्रॉप्सी, मॅडम. जगणार नाही. नवी घेऊन जा. कलर सेम, साइज सेम. घरात कुणाला कळणारसुद्धा नाही."

हे गिंडीच्या कारखान्यात सुटे भाग तपासण्यात आयुष्य घालवलेले गृहस्थ. खराब निघाला की बदला. माझ्याकडे वळून म्हणाले, "घ्यायची का?"

"मिनूला कळेल. आणि मला तर कळेलच."

एप्सम मीठ घेतले.

आजारी मासा वेगळ्या टबात ठेवावा लागतो. मिनू ऐकेना. "माझ्यासमोरून हलवलीस तर मी उठून बघायला येणार. मग तुझी डावी कूस गेली समुद्रात!" शेवटी तह झाला. टब स्वयंपाकघराच्या दाराआड, आणि हवेचा छोटा पंप टबात. त्याचा बुडबुड आवाज दिवाणापर्यंत ऐकू येतो.

"आवाज येतोय तोवर मी झोपून राहीन. प्रॉमिस."

रवि., ७ जुलै

जावई कोइंबतूरहून काल आले, आज दुपारच्या गाडीने गेले. निघताना टबापाशी ओणवे होऊन बघत राहिले. "आई, हिला काही झालं तर मिनूला..." "सांगायचं नाही," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली. दोघांनाही वाक्य पूर्ण करायची गरज पडली नाही.

घरात सध्या तीन मिठे आहेत. डॉक्टरीणबाईंनी बंद केलेले, ते मिनूचे. टबात पडते, ते जांगिरीचे. तिसरे अक्कांचे: संध्याकाळी मीठ-मोहऱ्या-मिरच्या मुठीत घेऊन आल्या आणि मिनूची दृष्ट काढली. मग टबाकडे पाहून म्हणाल्या, "मासोळीस मिठाचं न्हाण, पोरीस अळणी भात. सुधा, तुझ्या घरीं अस्की उलटं, सगळंच."

मिनू इतकी हसली की मी घाबरून र.दा. मोजला. चढला नव्हता.

मंगळ., ९ जुलै

जांगिरीने खाल्ले! उकडून सोललेला मटाराचा अर्धा दाणा. आधी तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला. खवले किंचित बसल्यासारखे वाटतात. (वाटतात. मोजमाप शक्य नाही. तरीही वाटतात.)

आनंदाच्या भरात मिनूच्या उशाशी बसून सगळे समजावले. हे मीठ आपले जेवणातले नव्हे. ह्यात सोडियम नाही, मॅग्नेशियम आहे. पाण्यात ते विरघळले की आत येणाऱ्या पाण्याचा जोर कमी होतो, थकलेल्या मूत्रपिंडांना उसंत मिळते. म्हणजे बुडत्या होडीतले पाणी उपसणाऱ्याच्या मदतीला कुणी भोकावर हात धरावा, तसे.

"पोदुम, पुरे आई, क्लास घेऊ नकोस." पण ऐकत होती. "नाव काय म्हणालीस?"

"मॅग्नेशियम सल्फेट."

"मॅग्नेशियम सल्फेट," पोटावर हात ठेवून ती आत सांगू लागली. "ऐकतोस का रे? तुझ्या आजीचं लक्षात ठेव. बाहेर आलास की परीक्षा आहे."

किती दिवसांनी एवढे बोलले गेले ह्या घरात.

बुध., १० जुलै

सूज मिनूच्या बोटांवर आली. अंगठी साबण लावून काढली.

जांगिरीने काही खाल्ले नाही. खवले पुन्हा उभे.

दुपारी मिनू निजलेली. मी टबाजवळ मीठ मोजत होते. अक्का कधी येऊन उभ्या राहिल्या कळले नाही. हळू आवाजात बोलल्या. हा आवाज मला नको असतो.

"सुधा, ऐक. घरावर येतं तें मासोळी आपल्यावर घेते. आमच्या तंजावराकडे अस्क्यांना माहीत आहे. ती फुगते म्हणून पोर राहते. तूं मीठ घालून घालून तें परत कुणाकडे पाठवतेस?"

दोन गोष्टी एका वेळी घडतात म्हणून एकीमुळे दुसरी घडते असे नव्हे. हे वाक्य फळ्यावर लिहिता लिहिता माझे केस पांढरे झाले. ते मी अक्कांना म्हणूनही दाखवले.

"तूं शिकलेली. मी काय सांगणार. पण आज घालूं नक्को."

त्या गेल्या. चमचा हातात होता. तो थांबला. किती वेळ ते सांगता येत नाही.

मग मीठ घातले. घातले, एवढे नक्की. परंतु नेहमीइतके घातले की कमी, सपाट चमचा होता की नाही, हे आता लिहिताना आठवत नाही. मला आठवत नाही असे होत नसते.

गुरु., ११ जुलै

र.दा. सकाळी वर, दुपारी जरा खाली, संध्याकाळी पुन्हा वर. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली.

टबात डोकावायची भीती वाटते. मिनूच्या पावलांकडे पाहायची भीती वाटते. एकीकडून नजर काढली की दुसरीकडे पडते. हे म्हणाले, "तू जरा बैस." बसले. बुडबुड, बुडबुड.

शुक्र., १२ जुलै

सकाळी पाहिले तर कुशीवर. कल्ले स्थिर. बोट लावले. गेली.

मिनू जागी होती. "आई, कशी आहे?"

"आहे तिथेच आहे."

ह्यांनी ओल्या कापडात गुंडाळून गच्चीवर नेली. मोगऱ्याच्या कुंडीत पुरली. जिन्यात अक्का भेटल्या त्यांना. "गेली? पावम, बिचारी..." आणि मग, "बरं झालं. घेऊन गेली हो." हे मला सांगताना ह्यांचे डोळे भरलेले, आणि त्यांतच थोडासा धीर. अक्कांच्या वाक्याने आलेला.

खरे लिहिते. मलाही आला. हे खरे असावे असे वाटले. बुधवारचा चमचा, तोही मग बरोबरच ठरला असता.

पंप बंद केला नाही. रिकाम्या टबात बुडबुड चालू ठेवला. आयुष्यात मुलांना कधी खोटे कारण सांगितले नाही, आणि स्वतःच्या मुलीशी पहिले खोटे बोलले ते तोंडाने नाही.

टब तसाच ठेवून संध्याकाळी तिच्यासाठी मऊ भात केला. ताट घेऊन आले तर कपाळ दाबून धरलेले. "डोकं ठणकतंय. आणि ती ट्यूबलाइट का लुकलुकतेय, आई?"

ट्यूबलाइट बंद होती.

टॅक्सीत मिनूचे डोके माझ्या मांडीवर. टी. नगरात दागिन्यांच्या दुकानांपुढे कोंडी, हॉर्न, डोळे दिपवणारे दिवे. मी तिच्या डोळ्यांवर पदर धरला. ती म्हणाली, "आवाज येत नाहीये." कुठला ते मी विचारले नाही.

शनि., १३ जुलै

रुग्णालय. एका माणसाला जवळ बसू देतात. हे बाहेर बाकावर. जावई वाटेत आहेत.

र.दा. अजून चढाच. प्रथिनही वाढले. बाळाचे ठोके चांगले. ते यंत्र अव्याहत वाजते आणि मी अव्याहत ऐकते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत आकडा उतरला तर थोडे दिवस थांबू, बाळाला तेवढेच बळ येईल. नाही उतरला तर आजच बाळ बाहेर काढायचे. "तोपर्यंत खोलीत शांतता. वाईट बातमी नको, भांडण नको, रडारड नको." माझ्याकडे पाहून म्हणाल्या, की मलाच तसे वाटले.

मिनूच्या हाताला सुई. सिस्टरने नवी सिरिंज यंत्रात बसवली. मिनूने मान वळवून तिच्यावरची चिठ्ठी वाचली. औषधाने जीभ जड झाली आहे. अक्षर अक्षर लावून वाचली.

"मॅग्ने... आई! जांगिरीचं मीठ!"

हसली. सिस्टरला वाटले, आम्हा दोघींचा काही विनोद आहे.

"अंगातून गरम गरम जातंय. तिलाही असं होत असेल का?" मग थोडे थांबून, "तिला गुण आला का गं?"

मी समजावले. किती नीट समजावले! पदार्थ तोच, पण काम वेगळे. तिथे मीठ बाहेर पाण्यात होते, पाण्याचा जोर कमी करीत होते. इथे ते रक्तात जाते आणि मज्जातंतूंना शांत करते, झटके येऊ देत नाही. मात्रा वेगळी, वाट वेगळी, हेतू वेगळा. माणसांत ह्याचा फार चांगला अनुभव आहे. एकावरून दुसऱ्याचा निष्कर्ष काढता येत नाही. यातला शब्दन् शब्द खरा आहे.

"आई. मी ते नाही विचारलं."

बाळाचे ठोके वाजत होते.

"पंप चालू आहे?"

"चालू आहे." हेही खरे. कालपासून बंद करायला घरी कोणी गेलेलेच नाही.

"आणि जांगिरी?"

निदान पाच-सहा उत्तरे तयार होती. टॅक्सीतच तयार केली होती. तिने माझा हात धरला. बोटे इतकी सुजलेली की ती तिचीच का असे वाटावे.

"बाळ आलं की सांगते, मिनू."

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी गणित सुटले की अशी बघायची. पाटी दाखवायच्या आधी.

"सरी, बरं," म्हणाली. "कळलं."

रडली नाही. आपण होऊन डाव्या कुशीवर वळली, यंत्राच्या पडद्याकडे तोंड करून. हात मात्र सोडला नाही. हे सारे दुसऱ्या हाताने वही मांडीवर दाबून लिहिते आहे.

तिच्या दंडावरचा र.दा.चा पट्टा ठरावीक वेळाने आपोआप फुगतो. कळल्यानंतरची ही पहिली वेळ. आत्ता फुगू लागला आहे. ती आकड्याकडे पाहते आहे. मीही