गिटार न्यायला येऊ नये याची कारणे

पांढरकवडा,
दि. २९ मे २००६

चि. चारुदत्त यास,

अनेक आशीर्वाद. तुझी ताई आणि मी ठीक आहोत, म्हणजे पारा शेहेचाळीसवर असताना दोन माणसांनी जितकं ठीक असावं तितके. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस, आणि शक्यतो प्रवासही करू नकोस. हे शेवटचं वाक्य मुद्दाम लिहितो आहे, त्याचं कारण पुढे येईलच. पियूषला कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं वाचून आनंद झाला. मुलगा हुशार आहे, अभ्यासात लक्ष घालेल, वाद्यांच्या नादी लागणार नाही अशी आशा आहे.

तुझं कार्ड मिळालं. येत्या रविवारी नागपूरहून येऊन गिटार घेऊन जातो, पियूषला हवी आहे, असं तू लिहितोस. गिटार तुझीच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बारा वर्षांपूर्वी "भाऊजी, दोन महिने राहू द्या" असं म्हणून तू ती आमच्या माळ्यावर ठेवलीस (ते दोन महिने अजून संपायचे आहेत असं मी धरून चाललो होतो). पण कळविण्यास अत्यंत खेद होतो की ती आता नेण्याजोगी राहिलेली नाही. मी उडवाउडवी करतो आहे असं तुला वाटू नये म्हणून सगळं क्रमाने लिहितो. अठ्ठावीस वर्षं कापूस खरेदी केंद्रावर कारकुनी केली, क्रम सोडून लिहिण्याची सवय नाही.

मार्चमध्ये धूळ पुसण्यासाठी गिटार खाली काढली. (फक्त धूळ पुसण्यासाठी.) तर तिच्या पोटावरची, तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी, जिला गाण्याबजावण्यातले लोक घोडी म्हणतात, ती मागच्या बाजूने उचलली गेलेली. उन्हाने चिकटवण वितळलं असणार. उचललेल्या फटीत पोस्टकार्ड सहज जात होतं (तुझंच एक जुनं कार्ड घालून पाहिलं). मी लगेच उपाय केला. आमच्या केंद्रातली डिंकाची बाटली माझ्याकडेच आहे. केंद्राला दोन हंगाम कापूस आला नाही. मग मला स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली (स्वेच्छा त्यांची होती), आणि त्या गडबडीत डिंक व कुलपाची किल्ली परत मागायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. ज्या डिंकाने अठ्ठावीस वर्षं सरकार धरून ठेवलं त्याला एक घोडी का धरता येऊ नये, असा माझा हिशेब. घोडी चिकटवली, वर खरेदीची पाच रजिस्टरं आणि दोन पेपरवेट ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर घोडी पूर्ण निघाली होती आणि सन १९९८-९९ च्या रजिस्टराला घट्ट चिकटली होती. सरकारी डिंक कागद सोडून दुसऱ्या कशाला ओळखत नाही हे मला आधीच कळायला हवं होतं.

मग मी उत्तमसिंगला बोलावलं. तुला आठवत असेल, जिनिंगमधला गठाणी बांधणारा प्रेसवाला. जिनिंगही बंद, त्यामुळे तोही माझ्यासारखाच केंद्राच्या ओसरीवर बसलेला असतो. त्याने सुताराचा पांढरा गोंद आणला, तो चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार दाबाबद्दल आहे. ज्या माणसाने जन्मभर कापूस दाबून दाबून गठाणी केल्या त्याला जगातल्या कुठल्याही अडचणीवर एकच औषध माहीत असतं. "साहेब, दाब कमी पडून राह्यला," असं म्हणून त्याने हायवेवरून ट्रकचा जॅक आणला. गिटार आडवी, घोडीवर फळीचा तुकडा, त्यावर जॅक, जॅकच्या वर ओसरीची तुळई. तो दांडा फिरवत होता आणि गोंद चारी बाजूंनी बाहेर येत होता. मी म्हटलं, पुरे. तो म्हणाला, "मले शिकवू नका साहेब, गठाण अजून भरली नाई." तुळईतून कुरकुर ऐकू आली तेव्हा तो थांबला. मग चोवीस तासांनी तारा चढवल्या. दोन तारा बसल्या, तिसरी पिळताना घोडी सुटली ती माझ्या कानाजवळून थेट कॅलेंडरवर. खालचं लाकूड कोरडं ठणठणीत! सगळा गोंद दाबाने बाहेर निघून गेलेला, धरायला आत काही उरलंच नव्हतं.

याच वेळी चौदावी समिती आली. इकडे कापसाचं बिनसल्यापासून दर महिन्या-दोन महिन्यांनी एक समिती पाहणी करायला येते, बाटलीतलं पाणी पिते, आपण आनंदी आहात का असं विचारते आणि जेवायला विश्रामगृहावर जाते. त्यांची जीप केंद्रापुढे थांबली. बंद केंद्राच्या ओसरीत दोन प्रौढ गृहस्थ जॅकखालून गिटार काढताहेत हे पाहून त्यातल्या बाईंनी चष्मा लावला आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. आठवड्याने तालुक्याच्या कचेरीतून पत्र आलं: आपल्या केंद्रावर सुरू असलेल्या शेतीपूरक वाद्यदुरुस्ती उद्योगातील लाभार्थींची संख्या त्वरित कळवावी. मी नियमाप्रमाणे उलट टपाली "निरंक" कळवलं. त्यावर, निरंक का, याचा खुलासा मागवला आहे. खुलासा तयार करतो आहे.

तिसरा सल्ला रेडिएटर जोडणाऱ्या धावजीचा. त्याच्याकडे दोन नळ्यांचा गोंद आहे, दोन्ही नळ्या मिसळल्या की लोखंडसुद्धा लोखंडाला सोडत नाही. मी लावणारच होतो. पण त्याच दिवशी झरीकडचा उकंडा मिस्त्री कुणाची तरी दारं बसवायला आला होता, तो रागावला. म्हणाला, "बावाजी, हे काहून करता? एक डाव लावलं का मंग कोनाच्या बापाले उघडता येत नाई. लाकडाचं काम उघडता आलं पाह्यजे, तवाच पुन्ना दुरुस्त होते." त्याचं म्हणणं, जुन्या वाद्याला सरसच हवा: रात्रभर भिजवायचा, पाण्यात डबा ठेवून कढवायचा, गरम गरम लावायचा. आणि मोठा गुण असा की पुढे कधी सोडवायचं झालं तर वाफ द्यावी, आपसूक सुटतं. मला पटलं. फक्त सरस हा हाडाकातड्याचा असतो हे मी तुझ्या ताईच्या स्वयंपाकघरात डबा शेगडीवर ठेवल्यानंतर बोलून गेलो. त्यानंतर काय झालं ते लिहीत नाही, तुझी बहीण आहे, तुला कल्पना येईल. सरस शेवटी उत्तमसिंगच्या तांड्यावर, त्याच्या नंदाबाईच्या चुलीवर कढला. तिथेही आणलेला जॅक पाहून नंदाबाई नवऱ्याला म्हणाली, "त्या लाकडानं तुमचं काय बिघडवलं, कायले छळून राह्यले त्याले?" तिने एका पिशवीत उन्हात तापलेली सरकी भरून घोडीवर ठेवली. पिशवी पोटाच्या गोलाईवर बरोबर बसली, वरून सायकलच्या ट्यूबचे दोन पट्टे ताणून बांधले. सगळीकडे सारखा दाब, वर ऊब. उत्तमसिंग दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

पण तोही उपाय फुकट गेला. घोडी निघाली. गिटार संपली. तरी या उन्हात गुडघा घेऊन येऊ नये, पियूषला तिकडेच नवी पाहावी, हे विनंती.

तुझा,
नरहर

ता. क. पहिल्या, सगळ्यात बारीक तारेचं एक पाकीट पोस्टाने पाठवून दे. गिटार मोडकी असली तरी भिंतीवर तारांसकट टांगलेली बरी दिसते.

ता. क. २. चारू, मी ताई. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. सरसापर्यंत सगळं खरं आहे, पुढचं खोटं. घोडी पक्की बसली आहे. आणि धूळ पुसायला नव्हे, वाजवायला शिकायचं म्हणून यांनी गिटार काढली, आणि तारा ताणून दुपारभर उन्हात विसरले, म्हणून घोडी उचलली. आता रोज चार वाजता केंद्राच्या ओसरीत बसून वाजवतात, नंदाबाई तिकडून जाता जाता लेंगी, त्यांच्या तांड्यावरचं होळीचं गाणं, म्हणते. वाजवणं वाईट आहे. पण नोकरी गेल्यापासून दोन वर्षं हे भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, रे. मी फार घाबरले होते. तेव्हा तू ये, जेव, आणि गिटार ठेवून जा. यांना सांगू नकोस मी लिहिलं ते. घरात दुसरं काही नव्हतं म्हणून पाकीट त्या मेल्या सरसानेच चिकटवते आहे.

ता. क. ३. सरसाचा गुण मी वर लिहिलाच आहे. टपालात पडायच्या आधी पाकिटाला त्याचा वास आला, चहाच्या पातेल्यावर धरलं, आपसूक सुटलं. ती घाबरली होती हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं ती माझ्यावर चिडली आहे. चारुदत्त, रविवारी जरूर ये, तार घेऊन ये, मी वाजवेन ते ऐक, आणि मग न्यावीशी वाटली तर ने. घोडी उघडता येते तशी माझी मूठही उघडेल. मी वाचलं हे ताईला सांगू नकोस. पाकीट या वेळी धावजीच्या दोन नळ्यांनी बंद करतो आहे. तुला करवत लागेल.