धवलारणीच्या मागे वाजवणारा

आज रविवार. सकाळच्या एसटीने शहापूरहून शेणव्याला गेले. दोघांचं वाजवणं ऐकलं, न जेवता परत आले. घरी आल्यापासून दोनदा चहा ठेवला आणि दोन्ही वेळा तो आटून गेला.

बाबा, तुमच्या बेंजो पार्टीला पुन्हा गिटारवाला हवा आहे. तुम्ही गेल्यापासून तुमच्या जागी चार जण आले आणि गेले. आता पार्टी मामा चालवतात. "आमाला बेंजोचा कळतो, गिटारीचा नाय. तू ऐक आन सांग," असं म्हणून त्यांनी मला बोलावलं.

पहिला मुरबाडचा. तारा जुळवता जुळवता त्याने आवडत्या गिटारवादकांची आठ-दहा नावं सांगितली, सगळी परदेशी. मला विचारलं, तर मीही मोबाईलवर ऐकलेली दोन नावं सांगितली. हात मात्र खरंच तयार, बोटं दिसत नव्हती. दुसरा डोळखांबचा पोस्टमन. त्याला आवडता कोण विचारलं तर म्हणाला, "नावा माहीत नाय मॅडम. रेडिओवर गाणाऱ्याचा सांगतात, वाजवणाऱ्याचा कुठं सांगतात?"

हळदीला पहिलं गाणं लग्नाचे धवले गाणाऱ्या धवलारणीचं, म्हणून मामांनी तिलाही आणून बसवलं होतं. म्हातारी गाता गाता पट्टी सोडून वर जाते. मुरबाडवाला आपल्या पट्टीत सरळ वाजवत राहिला. ती मध्येच थांबली. "तुजा होऊ दे बाबा, मंग मी गाते." पोस्टमनची पाळी आली, तर दोन ओळी होईपर्यंत तो मांडीवर हात ठेवून नुसता बसला. मामा हळूच म्हणाले, "करंट गेला का रं?" मग त्याने एका तारेवर तिचा सूर शोधला, आणि ती चढेल तसा तोही चढत गेला.

मी चौदा वर्षांची होते, मांडवात धवलारणी गात असताना तुम्ही माझ्या गिटारच्या तारांवर पंजा दाबला होता. "ती तुज्या पट्टीत जन्माला नाय आली. तिचा दम संपंल तिथं वाजव." सगळ्यांसमोर बोललात म्हणून मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आई चुलीपाशी नाचणीची भाकरी थापतेय, तुम्ही मला गिटार घेऊन तिच्याजवळ बसवता. म्हणता, दोन थापांच्या मध्ये वाजव. आई वैतागते, "भाकरी करू का ताल धरू?" त्या दिवशी माझं सगळं थापेवरच पडत होतं.

हे सगळं माहीत असून मी मामांना म्हटलं, मुरबाडच्याला घ्या, हात चांगला आहे. पोस्टमनने वायर गुंडाळली, "ऐकलात, बस झाला," म्हणाला आणि मोटारसायकलवरून गेला. परत येताना एसटीत मी स्वतःला समजावत होते, हल्ली लोकांना वेग लागतो, पार्टी टिकायला हवी. ते खरं नाही. तो मांडीवर हात ठेवून थांबला तेव्हा मला तुमचे हात दिसले. प्रत्येक हळदीला समोर बसून ते बघणं मला जमलं नसतं. माझ्या सोयीसाठी मी चांगला वाजवणारा घालवला.

पाच वाजता मामांना फोन केला. म्हटलं, डोळखांबच्याला घ्या.

"सकाळी मुरबाड, आता डोळखांब. रातच्याला कसाऱ्याला जाशील गो," मामा म्हणाले. "मुरबाडवाल्याला काय सांगू?"

"माझं नाव सांगा. मी चुकले म्हणून सांगा."

मग म्हणाले, "पहिली हळद शुक्रवारी हाय. येशील ना?"

मी हो म्हटलं. पण बाबा, मी जाणार नाही. निदान पहिल्या हळदीला तरी नाही. मामांना हे सांगता आलं नाही.

आता उठून उद्याच्या डब्यासाठी वाल भिजत घातले, एकटीपुरते, आणि पातेल्यावर ताटली ठेवली.